पूर्व बंगालमधील तळ्याकाठची बालके : एका दुर्लक्षित मृत्युकारणाचा इतिहास

१

लहान मूल पाण्यात बुडून दगावले म्हणजे त्या घटनेस अपघात म्हणण्याची रीत आहे. अपघात या शब्दात आकस्मिकतेचा आणि त्याबरोबरच अटळपणाचाही ध्वनी असल्यामुळे अशा मृत्यूंना इतिहास असू शकतो, ही कल्पना सहसा कोणाच्या मनात येत नाही. साथीच्या रोगांचे इतिहास लिहिले गेले, दुष्काळांचे लिहिले गेले. घरामागील तळ्यात बुडालेल्या दोन वर्षांच्या मुलाचा मृत्यू मात्र त्या कुटुंबाच्या खाजगी दुःखाचा विषय होऊन राहिला. पूर्व बंगाल, म्हणजे १९७१ पासूनचा बांगलादेश, हा या बाबतीत लक्षणीय अपवाद होय. या प्रदेशात अशा मृत्यूंची आधी नोंद झाली, मग गणती झाली, गणतीवरून कारणांची चिकित्सा झाली आणि शेवटी त्या चिकित्सेतून उपाय निघाला. नोंदीपासून उपायापर्यंतचे हे अंतर काटण्यास सुमारे चार दशके लागली. ती का लागली, आणि जो उपाय सापडला तो इतका साधा असूनही आधी कोणास का सुचला नाही, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२

या इतिहासाचा आरंभ भूगोलापासून करणे प्राप्त आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या तीन नद्यांनी वाहून आणलेल्या गाळाची ही भूमी अत्यंत सखल आहे. पावसाळ्यात शेतांवर पाणी चढते आणि अनेक भागांत ते कित्येक आठवडे ओसरत नाही. अशा ठिकाणी घर बांधावयाचे तर आधी जमीन उंच करावी लागते. त्यासाठी लागणारी माती शेजारीच खणून काढतात आणि तिचा भराव घालून जोते तयार करतात. या उंचवट्यास बंगालीत ‘भिटा’ म्हणतात. माती काढल्यामुळे जो खड्डा पडतो, तो पहिल्याच पावसात भरतो आणि त्याचे तळे होते. मोठे असेल तर ते ‘पुकुर’, लहान डबके असेल तर ‘डोबा’. तात्पर्य, या प्रदेशात घर आणि तळे ही जुळी भावंडे आहेत. एकाच कुदळीने दोहोंचा जन्म होतो.

एका अंगणाभोवती भावाभावांची व चुलत्यापुतण्यांची घरे असतात. या समूहास ‘बाडी’ म्हणतात. तिच्या एका अंगास, पुष्कळदा दोन अंगांस, पाणी असते. आंघोळ, भांडी घासणे, कपडे धुणे, गुरांना पाणी दाखवणे, मासे पाळणे ही सारी कामे या तळ्यावर चालतात. ताग कुजवण्यासाठीही जवळची डबकी उपयोगी पडतात. देशावरील गावात पाणी ही पूर्वापार घरापासून चालत जाऊन आणावयाची वस्तू होती आणि विहिरीस बहुधा कठडा असे. बंगालमधील बाडीत पाणी उंबरठ्यापासून वीसपंचवीस पावलांवर, सर्व बाजूंनी उघडे आणि दिवसभर वापरात असलेले असते. त्यास कुंपण घालावे अशी सूचना बाहेरच्या माणसास सहज सुचते. परंतु ज्या काठाने दिवसातून वीस वेळा ये-जा करावयाची, आणि ज्याची मालकी चार भावांत वाटलेली, त्या काठास कुंपण घालणे व ते टिकवणे सोपे नाही. बांबूचे कुंपण त्या दमट हवेत फार काळ तग धरीत नाही. शिवाय एक तळे बंद केले तरी शेजारच्या बाडीचे तळे आणि मागचा ओहोळ उघडेच राहतात.

३

या तळ्यांत मुले पूर्वीपासून बुडत असणार यात संशय नाही. परंतु ब्रिटिश अमदानीतील सरकारी कागदपत्रांत ती क्वचितच दिसतात. बंगाल प्रांतात जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा १८७३ साली झाला. प्रत्यक्ष वर्दी देण्याचे काम गावच्या चौकीदाराकडे असे. तो ठाण्यावर जाऊन आपल्या हद्दीत कोण मेले ते सांगे आणि तेथे त्याची नोंद होई. या नोंदींवरून प्रांताच्या आरोग्यखात्याचे वार्षिक अहवाल तयार होत. पटकी, देवी, ताप, हगवण, श्वसनाचे विकार आणि दुखापती अशी त्यांतील ठळक सदरे होती. ताप हे सदर इतके सैल होते की, मृत्यूंचा फार मोठा भाग त्यात जमा होत असे. दुखापतींच्या सदरात आत्महत्या, अपघात, तसेच सर्पदंश व हिंस्र श्वापदे असे पोटविभाग असत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सर्पाने किंवा वाघाने मारलेला मनुष्य राज्यकर्त्यांस स्वतंत्र रकान्यात मोजावासा वाटला. साप व वाघ मारणाऱ्यास सरकारी बक्षिसेही दिली जात. मोजणीमागे उपायाची कल्पना उभी असते. ज्याच्यावर काही इलाज करता येईल असे वाटते, तेच मनुष्य निवडून मोजतो. घराशेजारचे तळे हे शत्रू नव्हते, त्यास मारता येत नव्हते आणि त्यावाचून घर चालतही नव्हते. म्हणून त्यात बुडालेले मूल ‘अपघात’ या सर्वसंग्राहक शब्दात मिसळून गेले. वय, वेळ, स्थळ आणि त्या वेळी जवळ कोण होते, या चार गोष्टींवाचून अशा मृत्यूचे स्वरूप उलगडत नाही, आणि ठाण्यावरील नोंदीस त्यांपैकी शेवटच्या तिहींशी काही कर्तव्य नव्हते.

४

ही उणीव भरून निघाली ती एका निराळ्याच उद्योगाच्या ओघात. १९६० साली ढाक्यास पटकीच्या संशोधनासाठी एक प्रयोगशाळा स्थापन झाली. तिचे नाव ‘पाकिस्तान-सीटो कॉलरा संशोधन प्रयोगशाळा’ असे होते. पटकीच्या लशींची परीक्षा घेण्यासाठी तिला असा ग्रामीण टापू हवा होता की, जेथील प्रत्येक मनुष्याचा जन्म, मृत्यू, आगमन व निर्गमन निश्चितपणे माहीत असेल. ढाक्याच्या आग्नेयेस सुमारे ५५ किलोमीटरांवर, मेघनेच्या खोऱ्यातील मतलब या ठाण्याची निवड झाली. १९६३ मध्ये तेथे क्षेत्रीय केंद्र सुरू झाले आणि १९६६ पासून १३२ गावांतील लोकसंख्येची अखंड नोंद ठेवण्यास आरंभ झाला. कार्यकर्ते ठराविक काळाने घरोघर जात आणि मागील भेटीनंतर काय घडले ते विचारीत. कोणी दगावले असल्यास घरच्या माणसांच्या जबानीवरून कारण ठरवले जाई. १९७८ मध्ये या संस्थेस आंतरराष्ट्रीय स्वरूप मिळून ती अतिसार-संशोधनाचे केंद्र बनली. परंतु मतलबची वही बंद पडली नाही. जगातील गरीब देशांत इतक्या दीर्घकाळ व इतक्या काटेकोरपणे चाललेली अशी नोंदवही दुर्मिळच होय.

या वहीने प्रथम ज्या कामास हातभार लावला, ते काम फार मोठे होते. १९६८ मध्ये पूर्व बंगालमधील संशोधनातून असे सिद्ध झाले की, मीठ व ग्लुकोज यांचे प्रमाणशीर द्रावण तोंडाने पाजून पटकीच्या रोग्यास वाचवता येते. १९८० ते १९९० या दशकात ब्रॅक या संस्थेच्या स्त्री-कार्यकर्त्या खेडोपाडी हिंडल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व पाणी यांचे द्रावण कसे करावे हे त्यांनी सुमारे सव्वा कोटी घरांतील स्त्रियांस प्रत्यक्ष शिकवले. त्याच सुमारास गोवर, घटसर्प, धनुर्वात इत्यादींवरील लसीकरणाने वेग घेतला. बांगलादेशात १९९० च्या सुमारास दर हजार जन्मांमागे सुमारे १४५ बालके पाच वर्षांची होण्यापूर्वी मरत. २०१५ पर्यंत हा आकडा चाळिसाच्या खाली आला. इतक्या गरीब देशाने इतक्या अल्पावधीत मिळवलेले हे यश असामान्य मानले जाते, आणि ते रास्तच आहे.

५

परंतु या यशाच्या ओहोटीतच एक खडक उघडा पडू लागला. मतलबमधील एक ते चार वर्षे वयाच्या बालकांच्या एकूण मृत्यूंपैकी १९८३ साली सुमारे ९ टक्के मृत्यू बुडून झालेले होते. २००० साली हेच प्रमाण सुमारे ५३ टक्क्यांवर गेले. म्हणजे या वयात मरणाऱ्या दर दोन मुलांपैकी एक पाण्यात बुडून मरत होते.

या दोन आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. मुले पूर्वीपेक्षा सहापट अधिक बुडू लागली, असा त्यांचा अर्थ होत नाही. १९८३ ते १९९५ या कालखंडाचा जो स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लोकसंख्येच्या मानाने बुडून मरणाऱ्या बालकांचा दर जवळजवळ स्थिर राहिल्याचे आढळले. कमी झाले ते इतर मृत्यू. जी मुले पूर्वी हगवणीने, गोवराने किंवा धनुर्वाताने गेली असती, ती आता वाचत होती. तळे मात्र आपला वाटा पूर्वीइतकाच घेत होते. त्या वाचलेल्या मुलांपैकीही काही या तळ्यांत गेली असतील, हे उघड आहे. म्हणजे जिचे प्राण लशीने राखले, तिला राखण्यास घरामागच्या काठावर कोणी नव्हते.

पाण्याच्याच संबंधात आणखी एक विसंगती नमूद करण्याजोगी आहे. तळ्याच्या दूषित पाण्यातून रोग पसरतात म्हणून १९७० च्या दशकापासून खेड्यांत नलिकाकूपांचा मोठा प्रसार करण्यात आला. पिण्याचे पाणी नळाचे झाले. तळे पिण्यासाठी सुटले, पण आंघोळ, धुणे, मासे यांसाठी ते आहे तेथेच राहिले. रोगजंतूंच्या दृष्टीने तळ्याचा विचार झाला. त्याच्या खोलीच्या व अंतराच्या दृष्टीने झाला नाही.

असे का झाले, याचे उत्तर त्या काळच्या आंतरराष्ट्रीय आरोग्यधोरणात सापडते. १९८२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने, म्हणजे युनिसेफने, बालकांचे प्राण वाचवण्यासाठी चार सूत्रांचा पुरस्कार केला : वाढीवर लक्ष, तोंडाने पाजावयाचे क्षारजल, स्तनपान आणि लसीकरण. ही सूत्रे उत्तम होती व त्यांनी असंख्य जीव वाचवले. परंतु प्रत्येक सूत्राचा रोख रोगावर किंवा पोषणावर होता. दुखापतीस त्यांत स्थान नव्हते. मतलबच्या वहीत बुडण्याची नोंद होत होती. पण ती ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जावी असे टेबलच कोठे नव्हते. नोंद असणे आणि प्रश्न असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

६

नोंदीचा प्रश्न होण्यास २००३ साल उजाडले. त्या वर्षी बांगलादेशात आरोग्य व दुखापती यांची देशव्यापी पाहणी झाली. तीत १,७१,३६६ घरे व आठ लाखांहून अधिक माणसे यांची माहिती घेण्यात आली. रुग्णालयात न पोहोचलेल्या मृत्यूंचाही हिशेब घरोघर जाऊन घेतल्यामुळे तिचे निष्कर्ष डोळे उघडणारे ठरले. अठरा वर्षांखालील सुमारे १७,००० मुले देशात दरवर्षी बुडून मरत असल्याचा अंदाज निघाला. त्यांत सर्वाधिक धोका एक ते चार या वयोगटास होता. घटना बहुतांशी घराच्या अगदी जवळ, पुष्कळशा तर वीस मीटरांच्या आत घडत. आणि त्या विशेषेकरून सकाळी नऊनंतर दुपारपर्यंतच्या प्रहरात घडत.

या तपशिलांनी चित्र एकदम स्पष्ट झाले. पूर, वादळ, नाव उलटणे अशा मोठ्या आपत्ती या मृत्यूंच्या मुळाशी नव्हत्या. रांगणारे मूल पाण्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. पाच वर्षांच्या पुढे मूल सावध होते व पुष्कळदा पोहूही लागते. मधल्या काळात, विशेषतः आयुष्याच्या दुसऱ्या वर्षात, पायांना गती आलेली असते, पण पाण्याचे भय समजलेले नसते. या वयाच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असल्यामुळे काठावरून वाकले की ते पुढे कोसळते, आणि हातभर पाण्यातूनही त्यास उठता येत नाही. ते हाक मारीत नाही, हातपायही फारसे झाडीत नाही. सारा प्रकार काही मिनिटांत आणि बहुधा आवाजावाचून संपतो. म्हणून ‘ओरडले असते तर ऐकू आले असते’ या भरवशास आधार नाही.

आणि सकाळचा प्रहर का? कारण त्या वेळी पुरुष शेतावर किंवा मजुरीस गेलेले असतात, मोठी भावंडे शाळेत असतात, आणि आई स्वयंपाक, धुणे, धान्य वाळवणे, गुरे यांत गुंतलेली असते. पूर्वी धाकट्यास कडेवर घेऊन हिंडणारी सातआठ वर्षांची बहीण प्राथमिक शिक्षणाच्या प्रसारामुळे वर्गात जाऊन बसली, आणि तसे होणे सर्वथा इष्टच होते. परंतु ती ज्या कामावरून उठली, त्या कामावर दुसरे कोणी बसले नाही. आईच्या निष्काळजीपणाचा दोष देणे सोपे आहे. तथापि घरातील सहा माणसांची कामे एकाच वेळी करणाऱ्या स्त्रीची नजर दोन मिनिटे चुलीकडे वळली, तर त्यास निष्काळजीपणा म्हणणे न्यायाचे होणार नाही.

७

गावकऱ्यांस या मृत्यूंचे काही स्पष्टीकरण अर्थातच होते. मतलबमधील लोकसमजुतींच्या अभ्यासात असे आढळले की, पाण्यातील दुष्ट शक्ती मुलास भुलवून नेते अशी श्रद्धा तेथे रूढ आहे. महाराष्ट्रातही डोहात व विहिरीत साती आसरा राहतात आणि त्या माणसास ओढतात, असे मानणारा समाज आहे. तेव्हा या समजुतीची हेटाळणी करण्याचे कारण नाही. ती एका परीने पाण्याचा धाकही घालते आणि मूल गमावलेल्या आईस दोषाच्या ओझ्यातून सोडवते. परंतु तिच्यामुळे मृत्यू दैवाधीन ठरतो व उपायाचा विचार खुंटतो, हेही तितकेच खरे. पाण्यातून काढलेल्या मुलास डोक्यावर घेऊन गरगर फिरवण्याची चालही तेथे सर्रास आढळली. पोटातील पाणी निघावे हा तिचा हेतू. वस्तुतः अशा वेळी तत्काळ तोंडाने श्वास देणे व छाती दाबणे अवश्य असते; फिरवण्यात गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत.

८

२००५ मध्ये बांगलादेशात दुखापतींच्या प्रतिबंधासाठी एक संशोधन-संस्था स्थापन झाली, आणि युनिसेफच्या साहाय्याने तिने त्याच वर्षी रायगंज, शेरपूर व मनोहरदी या तीन भागांत प्रत्यक्ष प्रयोग आरंभिला. तो २०१० पर्यंत चालला. त्यातून पुढे आलेल्या दोन उपायांचा येथे विचार करावयाचा आहे.

पहिला उपाय ‘आँचल’ या नावाने ओळखला जातो. बंगालीत आँचल म्हणजे साडीचा पदर. मराठीत मुलास पदराखाली घेणे असा जो वाक्प्रचार आहे, त्यातील भाव या नावात नेमका उतरला आहे. गावातीलच एका स्त्रीच्या घरी पाच वर्षांखालील वीसपंचवीस मुले सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळेत, आठवड्यातून सहा दिवस, एकत्र सांभाळली जातात. त्या स्त्रीस ‘आँचल-मा’ म्हणतात. तिच्या हाताखाली एक मदतनीस असते. गाणी, खेळ, अक्षरओळख असे काही चालते; पण मुख्य काम एकच : त्या चार तासांत कोणतेही मूल नजरेआड होऊ न देणे. योजनेची वेळ मृत्यूच्या वेळेवरून ठरवली गेली, हे तिचे मर्म होय. २००३ च्या पाहणीतील घड्याळ येथे उपायाचे वेळापत्रक झाले.

दुसरा उपाय चार वर्षांपुढील मुलांसाठी होता. गावच्याच तळ्यात बांबूचा मंच बांधून त्यांस पोहणे शिकवावयाचे; २५ मीटर पोहता यावे, अर्धा मिनिट पाण्यावर तरंगता यावे आणि दुसरा बुडत असल्यास स्वतः उडी न घेता काठावरून काठी किंवा दोर पुढे करता यावा, एवढे किमान कौशल्य. येथे तळ्याशी वैर न करता त्यासच शाळा केले आहे.

२०१२ मध्ये या प्रयोगाचे मूल्यमापन प्रसिद्ध झाले. आँचलमध्ये येणाऱ्या मुलांचा बुडून मरण्याचा धोका न येणाऱ्यांच्या मानाने सुमारे ८० टक्क्यांनी, आणि पोहणे शिकलेल्या मुलांचा ९० टक्क्यांहून अधिक कमी आढळला. मुलास केंद्रात पाठवणारे कुटुंब मुळातच अधिक जागरूक असू शकते, तेव्हा या तफावतीचे सारे श्रेय केंद्रास देणे घाईचे होईल. तरीही इतका मोठा फरक केवळ निवडीने पडला असे मानणे कठीण. २०१२ ते २०१५ या काळात सात उपजिल्ह्यांत याहून मोठा प्रयोग झाला. त्यात काही कुटुंबांस मूल आत ठेवून खेळवता येईल अशी लाकडी वा प्लास्टिकची कठड्याची चौकट दिली गेली, काहींस सांभाळकेंद्राची सोय मिळाली व काहींस दोन्ही. सांभाळकेंद्राचा गुण पुन्हा ठळकपणे दिसला. नुसत्या चौकटीबाबत तसा निर्वाळा देता आला नाही. चौकटीत मूल किती वेळ राहील हे अखेर घरातील कोणाच्या तरी हातावर अवलंबून असते, आणि तो हात मोकळा नसणे हाच मूळ प्रश्न होता. वस्तू दिल्याने माणसाची जागा भरत नाही, असाच या तुलनेचा आशय आहे.

९

यानंतरचा प्रवास वेगाने झाला. जागतिक आरोग्य संघटनेने बुडण्याविषयी आपला पहिला जागतिक अहवाल २०१४ मध्ये काढला. २८ एप्रिल २०२१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बुडण्याच्या प्रतिबंधाचा ठराव संमत केला व २५ जुलै हा दिवस त्यासाठी नेमला. या ठरावाच्या पुरस्कारात आयर्लंडबरोबर बांगलादेश अग्रभागी होता. त्याच वर्षी आरोग्य संघटनेने बालकांसाठी दिवसाची सांभाळकेंद्रे आणि पोहण्याचे प्राथमिक शिक्षण यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मतलब, रायगंज, मनोहरदी येथे जे खेड्यातील बायकांनी करून दाखवले, ते आता जगास सांगितले जाऊ लागले. २०२२ च्या आरंभी बांगलादेश सरकारने १६ जिल्ह्यांत ८,००० सांभाळकेंद्रे उघडण्याची योजना मंजूर केली. संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली व त्यांपैकी जवळजवळ चतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती.

या घडामोडींचा भारताशी संबंध निकटचा आहे. सीमेपलीकडील सुंदरबनचा जो भाग पश्चिम बंगालमध्ये येतो, तेथील पाहणीत एक ते चार वर्षांच्या मुलांत बुडून मृत्यू होण्याचा दर लाखामागे सुमारे २४४ इतका आढळला. भूमी एक, घर व तळे यांची रचना एक, म्हणून परिणामही एक. भारत सरकारने बुडण्याच्या प्रतिबंधाचा धोरणात्मक आराखडा डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केला.

महाराष्ट्राची स्थिती भिन्न आहे असे प्रथमदर्शनी वाटते, आणि जुन्या वसाहतींपुरते ते खरेही आहे. परंतु येथील पाणीही आता घराजवळ येत चालले आहे. अवर्षणावरील इलाज म्हणून शेततळ्यांस उत्तेजन मिळाले. ‘मागेल त्याला शेततळे’ ही राज्य सरकारची योजना २०१६ ची. पाणी झिरपू नये म्हणून पुष्कळ शेततळ्यांस प्लास्टिकचे अस्तर घालतात. ते ओले झाले की इतके निसरडे होते की, उतारावरून घसरलेल्या मोठ्या माणसासही वर येता येत नाही. शेतकऱ्याचे घर, सालगड्याचे खोपटे किंवा मजुरांची पाले अशा तळ्यालगत असतात. त्यांत मुले बुडाल्याच्या वार्ता मराठी वृत्तपत्रांतून वारंवार येतात. बंगालच्या भिट्याप्रमाणेच येथेही एका गरजेपोटी खणलेला खड्डा वस्तीच्या कुशीत येऊन बसला आहे. फरक इतकाच की, तेथील तळे शतकानुशतकांचे आहे, येथील अगदी अलीकडचे.

शेततळ्यास येथे कुंपण घालता येते, कारण त्याचा वापर आंघोळी-धुण्यासाठी दिवसभर होत नाही. ते घातलेच पाहिजे, आणि काठावर गाठींचा दोर बांधून आत सोडलेला असला पाहिजे. तरीही बंगालच्या इतिहासातून निघणारा प्रश्न शिल्लक राहतो. भारतात २ ऑक्टोबर १९७५ पासून अंगणवाड्या सुरू झाल्या. त्यांतील पूर्वप्राथमिक शिक्षणाचा वर्ग तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तीन वर्षांखालील मुलास बहुतांशी घरी नेण्याचा आहार मिळतो, सकाळचा सांभाळ मिळत नाही. अंगणवाडीस पाळणाघर जोडण्याचे प्रयत्न आता होत असले, तरी शेतावरच्या वस्तीपर्यंत ते पोहोचणे अवश्य आहे. कारण ज्या वयात मूल चालू लागते पण पाणी ओळखत नाही, नेमके तेच वय या व्यवस्थेच्या बाहेर राहिले आहे.

पूर्व बंगालच्या या इतिहासाचा सारांश थोडक्यात असा सांगता येईल. जोवर हे मृत्यू ‘अपघात’ या शब्दात दडलेले होते तोवर त्यांवर उपाय नव्हता. ते वय, स्थळ आणि वेळ यांसह लिहिले गेले तेव्हा दिसून आले की, धोका चोवीस तासांचा नसून मुख्यतः चार-पाच तासांचा आहे, आणि त्या तासांत मुलाजवळ बसण्याचे काम कोणाचेच नव्हते. ते काम एका स्त्रीस मोबदला देऊन सोपवताच मुले वाचू लागली. घरोघर जाऊन मृत्यू लिहून घेणारी कार्यकर्ती आणि सकाळी नऊ वाजता दाराशी मुले मोजून आत घेणारी आँचल-मा, या दोघींचे काम वस्तुतः एकच आहे. एकीने गेलेली मुले मोजली. दुसरी असलेली मोजते.